वाटणीची झोप

द्वारकाबाईला दुसऱ्याच्या सोन्यानाण्याचं कधी काही वाटलं नाही. शेजाऱ्यानं नवा ट्रॅक्टर दारात उभा केला, भावकीतल्या कुणी गळ्यात मोहनमाळ घातली, तरी ती "चांगलं झालं बाई" म्हणून आपल्या कामाला लागायची. पण धाकटी जाऊ कौसल्या दुपारी जेवून, पदराला हात पुसत ओसरीवर आडवी झाली, की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. खोटं कशाला बोला, पन्नास वर्षं होत आली तरी ते जळणं काही विझलं नव्हतं.

पिंपळीतलं त्यांचं घर एकच, दारं दोन. उगवतीचा भाग थोरल्याचा, मावळतीचा धाकट्याचा, आणि पुढं दोघांत मिळून एक ओसरी. वाटण्या झाल्या तेव्हा ओसरी तेवढी कुणी मधून तोडली नाही. कौसल्या तिथंच आपल्या बाजूला घोंगडी टाकून झोपायची. शेजारी तिचा नवरा सावळाराम बसलेला. माळेगावच्या कारखान्यातून रिटायर झालेला सत्तरीचा गडी, पण हातपंखा घेऊन बायकोच्या तोंडावरच्या माश्या वारायचा. लाज म्हणून नाही. द्वारकाबाईचा नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. तो होता तेव्हाही त्यानं हिच्यावरची माशी कधी वारली नव्हती, पण ती गोष्ट ती सोयीनं विसरायची आणि आपण एकटीच करंटी निपजलो असं म्हणायची.

ह्या जळण्याचं मूळ लांब होतं, पार सासूपाशी. सासू बानूबाई. तिचा कायदा असा की दिवसा पाठ टेकणारी सून घरात अवदसा आणते. स्वतः ती दुपारी आत खुशाल लवंडायची, पण त्याआधी दोन्ही सुनांपुढं एकेक पाटी भरून भुईमुगाच्या शेंगा ठेवायची. पेरणीचं बी सोलायचं, एकाही दाण्याची लाल साल निघता कामा नये. झोपून उठली की सासू आपला पितळी तांब्या उंबऱ्यावर आपटायची. ठण्ण आवाज झाला की सुनांनी पाट्या दाखवायच्या.

कौसल्या पंधरा वर्षांची या घरात आली. झोप तिची मोठी लाडकी. पहिल्याच आठवड्यात शेंग हातात धरून पेंगायला लागली. थोरली द्वारका तेव्हा असेल वीस वर्षांची, तिला दया आली. ती म्हणाली, जा, धान्याच्या कणगीमागं पड घटकाभर, मी आहे. आणि दोन्ही पाट्या तिनं एकटीनं सोलल्या. कौसल्या डोळे चोळत उठली ती म्हणाली, "अक्का, उद्या तुमची पाळी. उद्या मी सोलते."

उद्या कुठला यायला! थोरली म्हणून सासूच्या हाका सगळ्या द्वारकेला. पाय चेप, पाणी दे, कोंबडी हाकल. कणगीमागं पडायची तिला कधी सोयच झाली नाही. कौसल्या मात्र दोन दिवसांआड तिथं झोपायची आणि उठल्यावर दर वेळी तेच म्हणायची, उद्या तुमची पाळी. पुढं लेकरं झाली, सासू गेली, वाटण्या झाल्या. वाटणीत पितळी तांब्या थोरलीकडं आला. सासूचा तेरावा उरकला आणि चौदाव्या दिवशी कौसल्येनं भर दुपारी ओसरीवर घोंगडी टाकली. द्वारकाबाईला ते जमलं नाही. दिवसा पाठ टेकली की कानात ठण्ण वाजायचं.

चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. द्वारकाबाईचं म्हणणं, माझे चारही दिवस कौसीनंच झोपून घालवले.

शहाण्णव सालची गोष्ट. द्वारकाबाईला बारीकसारीक विसरायला व्हायला लागलं. चष्मा डोक्यावर असताना घरभर शोधायचा, आमटीत दोनदा मीठ. तिची स्वतःची आजी शेवटी शेवटी घरच्यांना ओळखत नव्हती, दारात बसून आल्यागेल्याला "तू कुणाचा रं" विचारायची. ते आठवून हिनं डॉक्टराकडं न्यायचा धोशा लावला. मुलगा विजयसिंह तिला बारामतीच्या डॉक्टराकडं घेऊन गेला. कौसल्येला डोळ्यांचं औषध हवं होतं, तीही बरोबर निघाली. डॉक्टर नवा पोरगा होता, पण बोलायला गोड. त्यानं द्वारकाबाईला तीन वस्तू सांगितल्या, बैल, विळा, आरसा. इकडचं तिकडचं बोलून पाच मिनिटांनी विचारलं, आजी, कुठल्या तीन वस्तू? द्वारकाबाईला बैल आठवला, विळा आठवला, तिसरी काही केल्या येईना. तेव्हा मागच्या बाकावरून कौसल्या म्हणाली, "आरसा की हो अक्का."

डॉक्टर हसला. द्वारकाबाईला विचारलं, तुम्ही दुपारी झोपता का? ही म्हणाली, कधीच नाही. कौसल्येला विचारलं, ती म्हणाली, रोज, अर्धा-पाऊण तास, न चुकता. मग डॉक्टरानं समजावून सांगितलं की म्हाताऱ्या माणसानं दुपारी जेवल्यावर अर्धा तास पडावं, डोकं ताजं राहतं, आठवण चांगली राहते. शेवटी तो आणखीही एक बोलला. झोप ही एवढीच बरी. कुणाची दुपारची झोप आपोआप वाढतच चालली, तर तो आराम नव्हे, लगेच येऊन मला सांगायचं. द्वारकाबाईनं हे दोन्ही ऐकलं. घरी आणलं मात्र पहिलंच, कारण तेच जास्त झोंबलं होतं. जन्मभर राबली ही, आणि डोकं शाबूत राहिलं त्या झोपाळूचं!

आता तिला मत्सराच्या जोडीला भीतीही लागली. तिनं झोपायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. दार लावून, चटई टाकून, डोळे गच्च मिटून पडली. कोंबडं आरवलं, उठून बसली. पुन्हा पडली. भिंतीपलीकडं कौसल्येचं घोरणं सुरू झालं, मग तर विचारूच नका. पंधरा दिवस असं करून तिनं नाद सोडला. झोप नशिबात लागते म्हणाली, आणि शेंगांची पाटी घेऊन ओसरीवर आली.

वर्षभरात कौसल्येची झोप वाढली. अर्ध्या तासाचा तास झाला, तासाचे दोन झाले. पुढं पुढं तर गुरं रानातून परत आली तरी बाई उताणीच. सकाळीसुद्धा चुलीपाशी बसल्या बसल्या मान टाकायची.  सावळाराम हळूच तिच्या पायावर पांघरूण ओढायचा आणि कुणी आलं तर, उन्हाचा त्रास होतोय जरा, म्हणायचा. द्वारकाबाईनं गावभर केलं. पाणवठ्यावर, गिरणीत, जिथं चार बायका भेटतील तिथं. सुख दुखतंय तिला सुख, नवरा पंखा घालतोय, सून ताट आणून देतीय, मग काय करील, झोपंल न्हाईतर! बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. तेवढ्यानं हिचं भागेना. एके दुपारी तिनं सासूचा पितळी तांब्या माळ्यावरून काढला, चिंचेनं लखलखीत घासला, ओसरीवर आणला आणि पाणी प्यायचं निमित्त करून उंबऱ्यावर आपटला. ठण्ण! कौसल्या दचकून उठून बसली, डोईवरचा पदर सावरला आणि इकडंतिकडं बघत राहिली. द्वारकाबाईला मनातून इतकं बरं वाटलं, की दुसऱ्या दिवशीही तिनं तेच केलं. मग तो रोजचाच नेम झाला.

सत्त्याण्णवच्या वैशाखात कौसल्येच्या भावाच्या घरी, इंदापूरला, नातवाचं बारसं निघालं. सावळाराम द्वारकाबाईच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वैनी, माझं गुडघं काय चालंनात. तुमी जाल का हिच्यासंगट? एकटीला कुठं सोडू नका, एवढंच सांगतो." त्याचा आवाज ओलसर होता. द्वारकाबाईला वाटलं, बघा, साठी उलटली तरी लाडकीला सोबत लागते. पण बारशाला जायची हौस होती, ती हो म्हणाली.

सकाळी फाट्यावर सोलापूरला जाणारी एसटी मिळाली. बसल्या बसल्या कौसल्येनं द्वारकाबाईच्या खांद्यावर डोकं टाकलं. पिशव्या दोन्ही हिच्या मांडीवर. बाळाचं झबलं, कुंची, खारकांचा पुडा, तांब्याभर तूप. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, खांद्याला मुंग्या आलेल्या आणि ती आपली तोंड उघडं टाकून गाढ झोपलेली. इंदापूरचं स्टँड आलं. द्वारकाबाईनं उठवायला हात उचलला, आणि तसाच मागं घेतला. "नीज मग पोटभर," ती पुटपुटली. कौसल्येचं डोकं तिनं हळूच खिडकीला टेकवलं, पिशव्या घेतल्या आणि एकटी खाली उतरली.

मनाशी तिनं हिशेब घातला होता. गाडी इथं दहा मिनिटं थांबते. आपण रस प्यायचा, मग येऊन हिला उठवायचं आणि चारचौघांत म्हणायचं, बघा बाई, मी नसते तर ही सोलापूरला गेली असती. रसाच्या गाड्यापाशी उभी राहून तिनं गलास तोंडाला लावला. कंडक्टरनं घंटी मारली. गाडी हलली. खिडकीला टेकलेलं ते डोकं तिच्यासमोरून गेलं. हाक मारायला वेळ होता. हात करायला वेळ होता. हातात गलास होता एवढंच कारण, आणि ते काही कारण नव्हे, हे तिला तिथल्या तिथं कळलं.

गाडी हायवेला लागून दिसेनाशी झाली तसा तिनं गलास गाड्यावर ठेवला. धावतच ती कंट्रोलरच्या खिडकीशी गेली. आम्ही दोघी होतो, ती झोपली होती, ती गाडीतच राहिली, असं अर्धंमुर्धं सांगितलं. त्यानं पुढच्या स्टँडला, टेंभुर्णीला फोन लावला. हिरवं लुगडं, कपाळावर गोंदण, खिडकीची जागा. मग द्वारकाबाई बाकावर बसली. तीन तास बसली. बारशाची वेळ टळून गेली. देवा, तिला सुखरूप आण, पुन्हा तिच्या झोपेवर शब्द काढणार नाही, असं ती म्हणत होती आणि मधेच हेही म्हणत होती की बसल्या जागी झोपायची कशाला मरायला!

दुपारी टेंभुर्णीकडून आलेल्या एका गाडीच्या कंडक्टरनं कौसल्येला हाताला धरून उतरवलं. त्याला मोठी गंमत वाटत होती. म्हणाला, "तिकडं साहेबांनी आजींना मालकाचं नाव इचारलं, तर लाजल्या. पदर तोंडाला लावला. गाव कुठलं म्हणलं, तर 'ह्यांचंच की.' समदं स्टँड हसलं बघा. जुनी माणसं ती!"

इंदापूरच्या स्टँडावरचेही चारजण हसले. नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणारी म्हातारी कुणी पाहिली नाही? घरोघरी असतात. द्वारकाबाई तेवढी हसली नाही. कौसल्या जन्मात कधी नाव घ्यायला लाजली नव्हती. पहिल्या संक्रांतीला पन्नास बायकांत, सासूच्या नाकावर टिच्चून, तिनं खणखणीत उखाणा घेतला होता. बारसं असो, डोहाळजेवण असो, आधी हिचा नंबर.

द्वारकाबाईनं तिला बाकावर बसवलं, पाणी पाजलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कौसे, नाव घे की भावजींचं."

कौसल्येनं तोंडाला पदर लावला आणि हसली. हसणं बरोबर होतं, डोळ्यांत मात्र कुणी नव्हतं. द्वारकाबाई तिच्याजवळ सरकली. तिनं उखाणा स्वतःच सुरू करून दिला. "पिंपळीच्या शिवाराला कॅनॉलचं पाणी..." आणि वाट बघत थांबली. सावळाराम राजे, मी त्यांची राणी, एवढंच तर म्हणायचं होतं. आख्खी पिंपळी पाठ म्हणून दाखवील.

कौसल्या कान देऊन ऐकत होती. मग म्हणाली, "पाणी आलं. मग म्होरं काय झालं?"

तेव्हा डॉक्टराचं दुसरं वाक्य द्वारकाबाईला आठवलं. झोप वाढतच चालली तर तो आराम नव्हे. ऐकलं होतं दोघींनी. एक विसरली ती दुखण्यानं, आणि दुसरीनं मनावर घेतलं नाही ते जळण्यानं. वर्षभर ती ज्या झोपेवर आग पाखडत होती, तेच कौसल्येचं दुखणं होतं. आणि त्यावर आपण रोज तांब्या आपटला.

घरी परतल्यावर तिनं सावळारामला सगळं सांगितलं. गाडीतून एकटीच उतरले तेसुद्धा. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो नुसता पंख्याची काडी मोडत बसला. मग म्हणाला, "मला म्हाईत होतं वैनी. दिवाळीपासनं ती मला कवाकवा मामंजी म्हणती. पण गाव हसंल म्हणून म्या झोपंच्या पांघरुणाखाली झाकलं." दुसऱ्या दिवशी विजयसिंहानं कौसल्येला बारामतीला नेलं. डॉक्टरानं बैल, विळा, आरसा विचारलं. एकही आला नाही. डॉक्टर म्हणाला, झोप वाढायला लागली तेव्हाच आणायला हवं होतं. पुरतं बरं झालं नसतं, पण थोडं धरून ठेवता आलं असतं. गोळ्या दिल्या आणि सांगितलं, एकटं सोडू नका, दुपारी जास्त झोपू देऊ नका, हाताला काहीतरी काम द्या.

म्हणून द्वारकाबाई आता दुपारी शेंगांची पाटी घेऊन कौसल्येपाशी बसायला लागली. अर्धा तास झाला की तिला हलकेच उठवायची आणि शेंगा पुढ्यात सरकवायची. गंमत अशी की नावंगावं विसरलेली कौसल्या शेंगा मात्र बरोबर सोलायची, एका दाण्याची साल निघायची नाही. द्वारकाबाईचा मत्सर गेला होता म्हणावं तर तसंही नाही. कधी कधी तिला वाटायचं, हिला आता कशाचीच याद नाही, गाडीची नाही, तांब्याची नाही. सुटली बाई. आणि आपल्याला मात्र सगळं लख्ख आठवतंय. एवढी ताजी आठवण हवी होती ना तुला द्वारके, घे आता.

मिरगाला आठ दिवस राहिले असतील. त्या दुपारी सावळाराम आत पडला होता. कौसल्या झोपली होती. द्वारकाबाई तांब्यात पाणी घेऊन आली आणि तांब्या खाली ठेवताना हातातून निसटला. ठण्ण वाजलं. कौसल्या ताडकन उठली. समोर पांढऱ्या केसांची, विधवेच्या लुगड्यातली, पडलेला पितळी तांब्या उचलून हातात घेतलेली बाई. कौसल्येनं पदर डोईवरून घेतला, दोन्ही हात जोडले.

"आत्याबाई," कौसल्या म्हणाली. सासूला ती अशीच हाक मारायची. "आत्याबाई, मी उठले. मला काय बोलायचं ते बोला. पण अक्काला उठवू नका."



"ती कणगीमागं पडलीय," कौसल्या कुजबुजली. "लई दिसांनी पडलीय. माझ्यापायी तिनं डोळ्याला डोळा लावला न्हाय. रोज तिला म्हणते, उद्या तुमची पाळी, पण तुमी तिलाच हाक मारता. आज झोपू द्या तिला. तिच्या वाटच्या शेंगा मी सोलते. बघा, दोन्ही पाट्या भरून दावते."

आणि तिनं पाटी ओढली आणि भराभर सोलायला लागली.

द्वारकाबाई उभी होती तिथंच खाली बसली. मी अक्का आहे ग, असं सांगावंसं तिला वाटलं. पण कौसल्या तिच्या तोंडाकडं बघत होती, सासू आता काय म्हणते म्हणून भ्यालेली. तिला आधी उत्तर द्यायला हवं होतं.

"झोपू दे," द्वारकाबाई म्हणाली. "न्हाय उठवत मी तिला. झोपू दे."

कौसल्येचा जीव भांड्यात पडला. ती खाली मान घालून कामाला लागली. द्वारकाबाईनं तांब्या पालथा करून भिंतीशी ठेवला, उठली आणि आत गेली. कणगी केव्हाच मोडली होती, तिच्या जागी आता युरियाची रिकामी पोती रचलेली होती. त्या पोत्यांमागं जमिनीवर ती आडवी झाली. उशाला हात घेतला. बाहेरून शेंगा फुटल्याचा बारीक आवाज येत होता. तिच्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं आणि ते पुसायला ती उठली नाही, कारण ओसरीवर बसून कौसल्या तिची झोप राखत होती.